अर्धी सारवलेली शाळा

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तिथल्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. बरंच आहे. नावात अडकलात, तर गोष्ट राहून जाईल.

त्या राजाने गावोगाव शाळा काढल्या होत्या. शाळा राजाची, गुरुजीही राजाचे. गावाने एवढंच करायचं, की पाडव्याच्या दिवशी आपल्या हातांनी शाळेची जमीन शेणाने सारवायची. संध्याकाळी राजाचा कारभारी बघायला येई. जमीन पुरी सारवलेली असली, तर गुरुजी राहत. नसली, तर गावाला शाळा नको असं धरून तो गुरुजींना दुसऱ्या गावी नेई. पुढल्या एखाद्या पाडव्याला गावाने जमीन पुरी केली, तर शाळा पुन्हा उघडे.

अशाच एका गावात पाडव्याला शाळेत नुसता कालवा असे. पाटलीणबाई आणि धनगरीण एकाच घमेल्यात हात घालत.

पण एका साली पाटलाच्या मनाने घेतलं, की आपली नात मेंढरं राखणाऱ्यांच्या पोरांबरोबर कशाला शिकायची? त्याने गढीवर एक पंडित आणून ठेवला. मग काय! एक मेंढरू उडी मारतं, बाकीची माना खाली घालून मागे जातात. ज्याच्या घरी दाणे होते, त्याने दाणे देऊन आपलं पोर गढीवर घातलं. ज्याच्या घरी नव्हते, तो म्हणाला, "पाटलालाच शाळा नको, तर आपल्याला ती काय करायची?" आणि त्याने आपलं पोर गुरांमागे धाडलं.

खाली शाळेत उरली एकटी हौसा, धनगराची मुलगी. ती पाढा म्हणायची आणि मागून म्हणायला कुणी नसायचं. म्हातारे गुरुजीच मग पोरांसारखा आवाज काढून तिच्या मागून म्हणायचे. हसू नका, मला तर रडू येतं.

पाडवा आला. हौसा पहाटेच शेण कालवून बसली. गुरुजी उठले, तशी ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका, गुरुजी. तुमचा हात राजाचा. गावाचाच हात लागतो." उन्हं चढली. दारावरून लोक नवी पागोटी घालून गढीकडे गेले. एकानेही आत डोकावून बघितलं नाही.

दिवस मावळला तेव्हा अर्धी जमीन ओली होती आणि अर्धी तशीच कोरडी. कारभाऱ्याने मान हलवली. "पोरी, तू जिवाचं रान केलंस. पण एका मुलीला शाळा हवी म्हणजे गावाला हवी असं होत नाही."

गुरुजींनी आपली वळकटी उचलली. वेशीपर्यंत पोचवायला हौसा एकटीच होती. दुसऱ्या दिवसापासून तीही मेंढरांमागे गेली.

आता गंमत बघा. हिवाळ्यात गढीवरच्या पंडिताने पाटलाच्याच नातीला, मंजुळेला, शिकवणीतून काढून टाकलं. अक्षरं तिच्या ध्यानात लवकर राहत नसत. "इथे चलाख पोरंच शिकतील," पंडित म्हणाला. "हिच्या पायी माझं नाव जाईल." दाणे देणारी घरंही पंडिताच्याच बाजूची झाली, पाटलाचं काही चालेना.

पाटील खालच्या शाळेकडे धावला. दाराला कडी होती, अंगणात रान माजलं होतं. मंजुळा मात्र रोज त्या ओट्यावर जाऊन बसे. कुणी हाक मारेल म्हणून वाट बघे. कोण मारणार?

पुढच्या पाडव्याला पाटलाने घरोघर फिरून बोलावलं. लोक म्हणाले, "आमची पोरं वर आहेत की, पाटील! तुम्हीच तर वाट दाखवलीत." गुराख्यांनी तर दारंही उघडली नाहीत.

शेवटी पाटील आणि मंजुळा दोघंच गुडघ्यांवर बसली. म्हाताऱ्याला सारवता कुठे येतंय? तो दारापासून सुरू झाला आणि आपल्याच ओल्यावर पाय देत आत गेला. केलेलं सगळं उखडलं. तो तिथेच डोळे पुसत बसला.

तेवढ्यात दारात कुणीतरी काठी ठेवली. हौसा होती.

"आतल्या भिंतीपासून धरा, पाटीलबाबा. मागे सरत दाराकडे या."

तिघांनी पुन्हा आरंभ केला. अर्धी जमीन सारवून झाली. मग पाटील हळूच म्हणाला, "पोरी, तू एकटी सारवत होतीस, तेव्हा मी दारावरून गेलो होतो."

"बघितलं होतं मी," हौसा म्हणाली.

"मग आज माझ्यासाठी कशी आलीस?"

"तुमच्यासाठी नाही आले. मला शिकायचंय."

पाटलाची मान खाली गेली, ती जमीन पुरी होईपर्यंत वर आली नाही.

संध्याकाळी कारभाऱ्याने उंबऱ्यात उभं राहून पुरी जमीन बघितली. शाळा उघडली. गुरुजी मात्र नवे आले. "आमचे गुरुजी कुठे आहेत?" हौसाने विचारलं. ते वारून चार महिने झाले होते.

पहिल्या दिवशी हौसाने पाढा म्हटला. मागून मंजुळा म्हणाली, अडखळत, पण मोठ्याने. ओट्यावर बसलेल्या पाटलाने ते ऐकलं. मग तो उठला आणि धनगरवाड्यात गेला. एकेका दारात उभा राहून, हात जोडून, "पोरं धाडा" म्हणू लागला.

म्हणून लहानथोरहो, एवढं गाठीला बांधा: दुसऱ्याच्या लेकरासाठी जी शाळा आपण राखत नाही, ती आपल्या लेकराला गरज पडते तेव्हा बंद असते.