पिंपळापाशी वीस पावलं

नकाशा कचेरीत त्या सकाळी इंदूताई धारपांचं टेबल उचलायला माणसं आली. संचालक घारपुरेसाहेब म्हणाले, "बाई, नकाशा छोटा करताना कुठलं वळण ठेवायचं, ते आता संगणक ठरवेल. लहान वळण दिसलं की पुसलं! तुमचं काम संपलं."

"बरं साहेब. मग निरोपाचा चहा तुमच्या घरी. वाट तेवढी काढून द्या."

साहेबांनी हसत चिठ्ठीवर वाट काढली. इंदूताईंनी ती निरखली.

"कालव्याकाठचं अर्ध्या किलोमीटरचं वळण सरळ केलंत. आणि पिंपळापाशी वीस पावलांचं वळण, ते एवढं मोठं?"

"अहो, कालव्याकाठी दुसरी वाटच नाही, चुकेल कोण? पिंपळापाशी वळलं नाही, तर माणूस थेट स्मशानात!"

"हे तुमच्या संगणकाला कोणी सांगितलंय?"

साहेबांनी चिठ्ठीवरच्या त्या छोट्या वळणावर बोट टेकवलं. मग माणसांना म्हणाले, "टेबल ठेवा खाली. संगणक इकडे आणा, बाईंजवळ. त्याला शिकायचंय."

बावीस वर्षं मी इंदूताईंच्या शेजारी बसून नकाशाच्या रेघा मारल्या. रेघ पुसताना त्यांच्या डोळ्यांसमोर त्या वाटेनं कुणीतरी चालत असतं, हे मला त्या दिवशी कळलं.