हळदीचा इवलासा पंजा

बसा गं बसा, पाय पोटाशी घ्या, आणि मधेच "मग काय झालं?" म्हणून मला टोचू नका. गोष्ट जरा रडवी आहे, पण परी आहे हो तिच्यात.

रिठ्याच्या रानाला लागून एक ओढा होता. त्याच्या काठी झोपडीत तानी आणि तिची आई, पारू परटीण, राहायच्या. पारू गावातली रेशमी वस्त्रं धुवायची. तिच्या हातून निघालेल्या पैठणीवरचे मोर नुकतीच अंघोळ करून आल्यासारखे दिसायचे. पण त्या वर्षी तिला खोकल्यानं धरलं. आधी नुसता खोकला, मग रक्त. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, तानीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि औषधाची पुडी न देताच निघून गेले. आठ वर्षांच्या पोरीला काय कळायचं ते कळलं.

तशातच गावातल्या सरजाआजींची पैठणी धुवायला आली. ट्रंकेत ओल शिरून तिला बुरशी लागली होती.

"तूच जा, ताने," आई धापा टाकत म्हणाली. "रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं बुचकळ. पिळू नकोस. सावलीत वाळव. आणि पदरावरचा तो पंजा... त्याला धक्का लावू नकोस हं."

तानीला तो पंजा ठाऊक होता. सरजाआजींची लेक छबी आठ महिन्यांची असताना तिनं हळदीच्या करंड्यात हात घातला आणि तोच हात आईच्या पदराला पुसला. त्याच थंडीत ती तापानं गेली. चाळीस वर्षं झाली. आजी अजून दर दिवाळीला ट्रंक उघडतात, त्या इवल्याशा पंजावर आपला तळहात ठेवून बसतात, आणि पुन्हा घडी घालतात.

तानीनं ओढ्याकाठी घमेल्यात रिठे घुसळले. पांढराशुभ्र, लुसलुशीत फेस आला. त्यातला एक बुडबुडा मात्र फुटेचना. तो निळा झाला, गुलाबी झाला, पोपटी झाला, आणि टप्! आतून बोटभर परी बाहेर आली. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे, अंगभर चांदीची चमचम.

"का गं रडतेस, चिमणे?"

"माझी आई मरणार आहे," तानी म्हणाली.

परी तिच्या मनगटावर येऊन बसली. "तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम ऐक. सूर्य बुडताना ही पैठणी माझ्यापुढे धरायची. तिच्यावर एकही डाग दिसता कामा नये. दिसला, की इच्छा गेली."

तानीनं मऊ हातानं एकेक मोर पुसला, एकेक वेल पुसली. बुरशी गेली, जरीचे काठ लखलखले. सावलीत दांडीवर पैठणी ठिबकत राहिली. उरला तो फक्त पंजा.

आता परटाच्या पोरीला काय शिकवायचं? हळदीला साबण लावला तर ती लाल होते, पण उन्हात धरली की उडून जाते. ऊन चार पावलांवर होतं. झोपडीतून खोकला ऐकू येत होता, आणि प्रत्येक उबळ आधीच्यापेक्षा लांबत होती.

"छबी गेलीच आहे! माझी आई अजून आहे!" तानी ओरडली, आणि तिनं तो ओला पदर उन्हात धरला.

करंगळी फिकी झाली. पिवळ्याची पांढुरकी, मग अगदी दिसेनाशी. चार बोटं उरली. आजी दिवाळीला ट्रंक उघडतील आणि तळहात कुठे ठेवतील? तानीनं पदर सावलीत ओढला, छातीशी धरला आणि हमसून हमसून रडली.

सूर्य बुडायला आला. परी पुन्हा आली.

"डाग आहे," ती म्हणाली.

"आहे. मी नाही काढणार. ती आजींची छबी आहे."

"मग तुझी इच्छा गेली, बाळ. नियम मला मोडता येत नाही." परीचे पंख थरथरले. "आम्हा फेसाच्या पऱ्यांनाही एकच इच्छा मिळते. आम्ही उन्हाबरोबर विरतो ना, म्हणून मी उद्याचा दिवस मागणार होते. ओढ्यापलीकडे काय आहे ते पाहायचं होतं."

"मग माग ना गं लवकर! ऊन चाललं!" तानी डोळे पुसत म्हणाली.

परी हसली. "मागितलं. तुझी आई."

आणि ओढाभर उजेड झाला. निळा, गुलाबी, पोपटी. रिठ्याचं पान न् पान चमकलं. तानीनं डोळे उघडले तेव्हा घमेल्यात नुसतं पाणी होतं. झोपडीतून हाक आली, "ताने, जरा पेज दे गं. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी तानी मान खाली घालून सरजाआजींपुढे उभी राहिली. आजींनी पदर उलगडला, पंजावर तळहात ठेवला आणि थबकल्या. "करंगळी कुठे गेली गं?"

"मी घालवली, आजी. आईसाठी." तानीनं सगळं सांगितलं.

आजींनी करंगळीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "पारू जेवली का?"

"दोन वाट्या पेज प्यायली."

आजींनी पदर डोळ्यांना लावला. "मग असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या छबीनं आपली करंगळी पारूच्या हाती देऊन तिला माघारी आणलं."