तेलाचे हंस

एका राज्यात, जिथे लोक डोंगरावरच्या दिव्याला राजाच्या आधी नमस्कार करीत, गजरा नावाची बाई तेलाचा घाणा चालवीत असे. दिवा होता धुकेघाटाच्या माथ्यावर. तो तेजाने जळे तोवर घाटातले धुके दरीत निजून राही. तो मंदावला की धुके वर येई आणि वाटच गिळून टाकी. म्हणून तिथला कर असा होता: पौष पौर्णिमेच्या सूर्योदयाला ज्याच्या घरी जितके तेल असेल, त्याचा सहावा हिस्सा दिव्याला.

कायदा आला की पळवाट विकणाराही येतो. या राज्यात तो मेघडंबर नावाचा मांत्रिक होता. तो म्हणे, "कर तेलावर आहे, हंसांवर नाही." पौर्णिमेच्या पहाटे तो मंत्र टाकी आणि बुधल्यांतले तेल हंस होऊन अंगणात चालू लागे. दुसऱ्या दिवशी त्याचे पुन्हा तेल होई, आणि त्यातला एक बुधला मेघडंबराच्या घरी जाई. गावातल्या साऱ्या तेलवाल्यांनी हंस पाळले. "यात खोटे काय? हंस तर हंसच," असे ते एकमेकांना सांगत, आणि फार वेळा सांगत.

गजराही त्यांच्यात मिळाली. तिची लेक रेवती घाटापलीकडे दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळ-बाळंतिणीच्या अंगाला तेल हवे, हिस्सा दिला तर पुरायचे कसे? लेकीच्या नावावर आईला काहीही पटते.

पण एक गोष्ट गजरा विसरली, आणि ती घाणेवालीनेच विसरावी याचे मला अजून नवल वाटते. तिने तिळाच्या तेलाबरोबर खोबरेलाचेही हंस करवून घेतले होते. थंडी कडाक्याची पडली. तिळाचे हंस डुलत फिरत राहिले. खोबरेलाचे हंस जागच्या जागी थिजले. करशाळेचा म्हातारा क्रौंच पक्षी मोजणीला आला. त्याने एका हंसाला चोचीने ढकलले, तसा तो पाय वर करून आडवा झाला. क्रौंचाने त्याला ओढत उन्हात नेऊन ठेवले. घटकाभराने हंस सैल झाला आणि उठून चालू लागला.

क्रौंच म्हणाला, "गावातल्या सर्व हंसांची चौकशी लागली आहे."

चौकशी लागलेला हंस खरे उत्तर मिळून मालक त्याला खऱ्या नावाने हाक मारीपर्यंत हंसच राहतो, असा तिथला नियम. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एकाही घरी तेल परत आले नाही, आणि डोंगरावरचा दिवा फडफडू लागला.

प्रश्न तीन होते. हे हंस मूळचे काय? मंत्र कुणी आणला? दिव्याचा हिस्सा कुठे आहे? उत्तरे भरदरबारात द्यायची होती.

तेलवाले मेघडंबराकडे धावले, गजराही गेली. तो उंटावरचा शहाणा म्हणाला, "पहिल्याला सांगा, हंस सोयऱ्यांनी आंदण दिले. दुसऱ्याला सांगा, मंत्र आम्हांस ठाऊक नाही. तिसऱ्याला सांगा, वसंतापर्यंत मुदत द्यावी."

"आणि खरे सांगितले तर?" गजराने विचारले.

"तर हंस जातील. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे होईल."

तेलवाले एकामागून एक दरबारात उभे राहिले आणि पढवलेले बोलले. प्रत्येक खोट्या उत्तरासरशी दिव्याची वात आखडत गेली. तेवढ्यात एक राघू गजराच्या खांद्यावर येऊन बसला. "रेवतीची पालखी धुक्यात थांबली आहे," तो म्हणाला. "भोयांना वाट दिसत नाही. लेकीचे दिवस भरले आहेत."

गजराची पाळी आली. ती पुढे झाली.

"हे हंस मूळचे काय?" क्रौंचाने विचारले.

"तेल, महाराज. तिळाचे आणि खोबऱ्याचे."

"मंत्र कुणी आणला?"

"मंत्र मेघडंबराचा. पण त्याला बोलावले मी. तो माझे दार फोडून आला नव्हता."

"दिव्याचा हिस्सा कुठे आहे?"

"माझ्या अंगणात चालतो आहे. सहावा नको, सगळे घ्या. पण आज घ्या. माझी लेक घाटात अडकली आहे."

दरबारात पंडित होते, सरदार होते. मला विचाराल तर त्या दिवशी तिथे सर्वांत उंच ती घाणेवाली होती.

राजाने विचारले, "लेक अडकली नसती, तर खरे बोलली असतीस?"

गजराने थोडा विचार केला. "बोलले असते, असे वाटते. पण इतक्या लवकर नव्हे."

राजा हसला. "हे उत्तर मला आवडले. तुझा दंड असा: वर्षभर तुझा घाणा आधी दिव्यासाठी फिरेल. आणि हंस तू स्वतः माथ्यावर न्यावेस."

गजरा तशीच निघाली. हातात एक काठी, पुढे हंसांचा थवा, आणि चढावर कमरेइतके धुके. एकही हंस उडाला नाही. माथ्यावर तिने प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "तू तेल आहेस. मी तुला लपवले होते." हंस दिव्याच्या कुंडात उतरले आणि तेल झाले. ज्योत उभी राहिली, आणि धुके मुकाट्याने दरीत परतले.

तो उजेड गावात पडला, तशी एकेका तेलवाल्याची मान खाली गेली. मग तेही आपापले हंस हाकीत घाट चढू लागले. साऱ्या वाटेवर हंसच हंस, आणि त्यांच्यामागे ओशाळलेली माणसे. मेघडंबर चौकशीला भिऊन स्वतःच हंस होऊन बसला होता. मंत्र मोडला तेव्हा त्याला हाक मारून माणूस करायला कुणी गेले नाही. तो राजाच्या तळ्यात असतो, आणि अजून कुणालाही सल्ला देतो.

रेवतीची पालखी दारात उतरली. गजराने लेकीला धरून आत नेले, पाटावर बसवले, आणि मग तिला रडू आवरेना.

"बाळे, तुझ्यासाठी घरात तेलाचा थेंब नाही. होते ते सगळे वर जळते आहे."

रेवती म्हणाली, "ठाऊक आहे, आई. त्याच्याच उजेडात तर आले."