धुरपाच्या दारचा ढीग

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या तेव्हा, खडकोळी गावात धुरपा नावाची एक बाई होती. नवरा तरणाताठा असताना गेलेला. पदरी एकच लेक, गजरी. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या उतारावर तिची झोपडी होती. त्या उतारावर दुसरं घर नव्हतं.

धुरपा लोकांची अंगणं आणि परसं राखायची. चैत्रात पानगळ सरली की खराटा घेऊन दारोदार जायची आणि भिंतीकडेचा पाचोळा खरवडून काढायची. वैशाखात उंदरांची बिळं शोधायची, त्यांत खापरांचे तुकडे ठासायची आणि वर चुना लिंपायची. म्हणायची, "उंदीर आला की त्याच्या मागनं साप येतो. आधी उंदराचं दार लावा." मृगाच्या आधी सरपण भुईवरून उचलून दगडांवर रचायची, न्हाणीच्या पाण्याला वाट करून द्यायची. पाऊस ओसरला की माजलेलं गवत कापायची, आणि सुगीला कणगीच्या तळाशी कडुनिंबाचा पाला अंथरायची. तिनं राखलेल्या घराला वाळवी लागत नसे, तिथं विंचू निघत नसे. तिच्या खराट्याची खरखर ऐकली की साप अर्धी कात अंगावर घेऊनच पळायचे, असं म्हणतात.

पण परसातून निघालेली घाण टाकायची कुठं? कुजकी लाकडं, फुटकी मडकी, वाळवीनं खाल्लेल्या फळ्या? गावानं सोपी वाट काढली. टोपली भरायची आणि उतारावर, धुरपाच्या झोपडीमागं रिती करायची. एकानं केली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. गावातली परसं आरशासारखी झाली आणि धुरपाच्या मागचा ढीग वाढत वाढत तिच्या वळचणीला टेकला.

एका वैशाखात धुरपा चावडीपुढं येऊन उभी राहिली. रावजी पाटील चार माणसांत बसले होते.

"पाटील, माझ्या घरामागचं तेवढं हलवा. पावसाच्या आत. मला एकटीला उचलत नाही."

"गावाबाहेर तर आहे ते. कुणाला काय त्रास?"

"मी आहे तिथं. माझी पोर आहे."

"तू आहेस म्हणूनच तर घोर नाही," पाटील हसून म्हणाले. "तुझ्या वाऱ्याला साप उभा राहत नाही, असं म्हणतात."

बसलेली माणसंही हसली. मग धुरपा घरोघर गेली. कुणी म्हणालं, पेरणी होऊ दे. कुणी म्हणालं, आमचं लग्नघर आहे. सोनाराची तुळसाबाई म्हणाली, "अगं, आमच्या दोन टोपल्या असतील त्यात. त्यानं काय होतंय?" आणि जाता जाता वर सांगितलं, "उद्या आमच्या परसात ये हं."

आभाळ भरून आलं तेव्हा धुरपा पाटलांच्या परसात बिळं बुजवत होती. गजरी घरी होती. कोंबडीनं ढिगात अंडं घातलं असेल म्हणून पोरीनं कुजक्या फळीखाली हात घातला. तिथं घोणस होती. गजरी तशीच चढ चढून आईकडं धावत आली. "आये, मला चावलं," एवढंच म्हणाली आणि आईच्या गुडघ्याला टेकून बसली. मांत्रिक आला, पाला आला, पण दिवस मावळायच्या आत गजरी गेली. पाटलांच्या त्या लखलखीत परसात, जिथं मुंगी दिसत नव्हती.

पाटलीणबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग हळूच विचारलं, "धुरपे, हिला तुझ्याकडंच न्यायचं ना?"

धुरपानं लेकीला ओढ्याकाठी पुरलं. मग ती ढिगावर चढली आणि तिथंच बसली. पाऊस लागला तरी उठली नाही. ढिगातले साप बाहेर आले, तिच्या पायांशी वेटोळी घालून राहिले, पण एकानंही तिला स्पर्श केला नाही, असं म्हणतात.

इकडं गावात परसं तशीच राहिली. गवत माजलं, उंदरांनी भिंती पोखरल्या, त्यांच्या मागनं जे यायचं ते आलं. पाळण्यात विंचू निघाले, चुलीमागं फुरशी. मग सगळं गाव नारळ आणि लुगडं घेऊन उतारावर आलं.

"धुरपाबाई, चुकलो," पाटील म्हणाले. "खाली ये. गाव राख."

धुरपानं नारळाकडं बघितलं नाही. तिनं ढिगात हात घातला आणि एक मोडका नांगर ओढून काढला. "रावजी पाटील, हा तुमचा." मग तुटकी बाज काढली. "तुळसाबाई, ही तुमच्या सुनेच्या बाळंतपणातली. ज्याचं त्यानं आपल्या घरी न्या."

"घरी?" तुळसाबाईचा आवाज चिरकला. "सापांसकट?"

"माझ्या घरी टाकलंत, तेव्हा सापांसकटच टाकलंत."

दिवसभर भर पावसात माणसं आपापली घाण डोक्यावर घेऊन चढ चढत होती. साप सरकून वाट देत होते. धुरपा प्रत्येक खापर ओळखत होती, धन्याचं नाव घेत होती. ढीग खचेल तशी ती खाली खाली येत गेली. शेवटची टोपली उचलली तेव्हा तिथं काळी ओली माती होती आणि धुरपा नव्हती. कुणी म्हणतात तिला भुईनं पोटात घेतलं. कुणी म्हणतात ती ओढा ओलांडून गेली आणि तिला कुणी थांबवलं नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यावर आपापलं ओझं होतं.

खडकोळीत अजून मृगाच्या आधी एक दिवस धुरपाचा असतो. त्या दिवशी कुणी गडी लावत नाही, मग घर केवढंही मोठं असो. आपली घाण आपण काढायची आणि लांब माळावर नेऊन जाळायची. पण खराटा हातात घ्यायच्या आधी घरची बाई शेजारणीच्या परसदारी जाते आणि विचारते, "माझं काही तुझ्या दारी पडलंय का?" शेजारीण "नाही" म्हणाली, की मगच झाडायला सुरुवात.

सगळं आटोपलं की बायका उतारावर जातात. तिथं घर नाही, ढीग नाही, नुसतं रान आहे. तिथंही त्या तेच विचारतात. मग थोडा वेळ उभ्या राहतात. "नाही" म्हणायला तिथं कुणी नसतं.