दीड व्होल्ट

"तो त्यालाच का मिळाला, अप्पा?"

अप्पांनी समईची काजळी झाडली.

"वर्षभर मी जुना बाजार तुडवतोय. एक रविवार चुकवला नाही. आणि सिद्राम गेला होता कुकरची शिट्टी आणायला!"

सोलापुरात जुन्या बाजाराच्या मागे एक छोटा मठ आहे. अप्पा तिथले. भगवी कफनी अंगावर येण्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या तारा गुंडाळण्यात घालवलं होतं. त्यामुळे त्यांच्याकडे लोक दोन प्रकारची दुखणी घेऊन येत, मनाची आणि वायरींची.

मल्लिनाथ दोन्ही घेऊन आला होता.

चादरींचा व्यापारी माणूस. दुकान झकास चालायचं, पण जीव रमायचा अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्यात. स्वतः जुळवायचा, स्वतः ऐकायचा आणि आपल्यासारखा जाणकार गावात दुसरा नाही, हेही स्वतःलाच सांगायचा. त्यासाठी घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज बारावर उतरवणारा एक ट्रान्सफॉर्मर त्याला हवा होता. तोही जुनाच, अस्सल तांब्याच्या तारेचा. नव्यात काय गुंडाळलेलं असतं ते देव जाणे.

सिद्राम त्याचा शेजारी. हा नाद त्याला मल्लिनाथनंच लावला होता. गुरूला वर्षभरात गवसलं नाही ते चेल्याला शिट्टीबरोबर मिळालं, हे काही गुरूला पचलं नाही.

"सरळ सांगतो अप्पा, पोटात दुखतंय माझ्या. त्याच्याकडनं गाणं ऐकू येईल म्हणून मी खिडकी लावून घेतो."

"छान वाजतंय का त्याचं?"

"अजून जोडलेलंच नाही त्यानं."

अप्पा हसले नाहीत. हसायला हरकत नव्हती.

"औषध पाहिजे?"

"औषध नको. एक काम होतं."

मल्लिनाथनं पिशवीतून एक काळा, जडशीळ ट्रान्सफॉर्मर काढला आणि दोन्ही हातांनी अप्पांपुढे ठेवला.

"हा चांगला आहे का, तेवढं बघा. घरी लावून बघायचा धीर होईना."

"कुठं मिळाला?"

"बाजारात."

"तुला?"

"सिद्रामचा आहे," मल्लिनाथ म्हणाला. "तपासायला माझ्याकडं आणला होता. मी न बघताच म्हटलं, आतून जळलाय."

"मग?"

"मग काय... म्हणाला, अण्णा, तुम्ही म्हणताय म्हणजे जळलाच असणार. तुम्हीच टाका भंगारात. आणि चहा पिऊन गेला."

"जळका वास येतोय का, तेही बघितलं नाही त्यानं?"

"नाही. त्याचा माझ्यावर विश्वास आहे."

एवढं बोलून मल्लिनाथ भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर काही नव्हतं, एक घड्याळ होतं.

अप्पा उठले. त्यांनी तेच घड्याळ उतरवलं, मागचा सेल काढला. काटा थांबला.

"ट्रान्सफॉर्मरची ही बारीक तारेची दोन टोकं धर. एकेका हातात एकेक."

"ही तर दोनशे तीसची बाजू, अप्पा."

"बोर्डाला काही लावलंय का मी?"

लावलं नव्हतं. मल्लिनाथनं टोकं धरली.

अप्पांनी जाड तारेची, म्हणजे बाराच्या बाजूची टोकं घेतली आणि सेलच्या दोन्ही तोंडांना टेकवली.

"काही कळलं?"

"काही नाही," मल्लिनाथ म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना जाणकार परत आला. "कळणार कसं? घड्याळाचा सेल तो. दीड व्होल्ट. त्यानं मुंगीसुद्धा..."

अप्पांनी टोक उचललं.

"अयाई गं!"

मल्लिनाथ बसल्या जागी हातभर उडाला. टोकं सुटली, पिशवी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. समईजवळ निजलेली मांजर पळून गेली.

"काय केलंत हो!"

अप्पांनी तळहात पुढे केला. तळहातावर सेल होता.

"एवढ्याचा एवढा झटका?"

"ट्रान्सफॉर्मर चांगला आहे," अप्पा म्हणाले. "अगदी चांगला."

मल्लिनाथनं चष्मा शोधला. पुसला. परत पुसला.

"पण हा तर उतरवणारा आहे, अप्पा."

"आहे की. पण तू उलट्या टोकाला बसलायस."

"मग माझ्यापर्यंत येईस्तोवर दीडाचं इतकं कसं झालं?"

अप्पांनी सेल घड्याळात घातला आणि घड्याळ खिळ्याला अडकवलं. काटा टिकटिक करत चालू लागला.

"ह्याच सेलवर हे वर्षभर चालतं," ते म्हणाले. "कधी ओरडलं नाही."

मल्लिनाथ बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं ट्रान्सफॉर्मर जवळ ओढला. मांडीवर घेतला. वर्षभर शोधलेली वस्तू मांडीवर होती आणि ती त्याला ठेववत नव्हती, सोडवतही नव्हती.

"न सांगता त्याच्या दारात ठेवून येऊ?"

अप्पांनी मान हलवली. नाही.

"म्हणतो की, परत तपासला, चुकून..."

अप्पांनी मान हलवली.

"खरं सांगितलं तर तो पुन्हा माझ्याकडं काही विचारायला येणार नाही, अप्पा. अण्णा म्हणणारा तेवढाच एक आहे मला."

"नाही आला तर?" त्यानंच पुन्हा विचारलं.

अप्पा वातीला तेल घालत होते.

"चार दिवसांनी जातो मग. जरा मन शांत झालं की."

अप्पांनी मागे वळून त्याच्या हातांकडे बघितलं.

"हात थरथरायलाय अजून," ते म्हणाले. "ही थरथर थांबायच्या आत जा."