ठमाईची आखूड हाक

सगळ्यात आधी कुत्रं चुकीच्या दिशेला वळलं.

देवळासमोरच्या खळ्यावर ढोलकरी नवी झांज वाजवून बघत होते. झांज खणखणली आणि कडेला निजलेलं कुत्रं दचकून उठलं. आवाज झाला होता खळ्यावर, पण ते भुंकलं दरीपलीकडच्या गिधाडकड्याकडे तोंड करून. मग थांबलं, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा कड्याकडेच भुंकलं. कुणी लक्ष दिलं नाही. एका बाईने दिलं. तिचं नाव ठमाई, आणि ही गोष्ट तिची आहे.

याला फार वर्षं झाली. तेव्हा आमच्या गावात ना मोटार होती ना दिवे. गाव खाली, गावावर खिंड, खिंडीपलीकडे सडा, म्हणजे उघडा कातळ, झाड नाही की झुडूप नाही. सड्याच्या डाव्या अंगाला दरी, आणि दरीपलीकडे गिधाडकडा भिंतीसारखा उभा. हे सगळं आजही तसंच आहे. धुकंही तसंच आहे. ते खालून वाफेसारखं चढतं आणि बघता बघता आपला हातही आपल्याला दिसत नाही.

शिमग्यात देवीची पालखी सडा ओलांडून पलीकडच्या गावी बहिणीला भेटायला जायची. ढोलकरी तिच्यासोबत जायचे. परतताना धुकं आलं तर वाट सापडावी म्हणून एक झांजकरी खिंडीत उभा राहायचा आणि झांज वाजवत राहायचा. सड्यावरची माणसं आवाजाच्या रोखाने चालायची आणि ढोलाने त्याला ओ द्यायची. याला खिंडीची हाक म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या त्या हाकेवर माणसं घरी आली.

पण त्या वर्षी जुनी झांज तडकली. ती इतकी म्हातारी झाली होती की तिचा आवाज भांडं आपटल्यासारखा यायचा. परतताना पालखीला सड्यापर्यंत पोचवायला आलेले पलीकडचे ढोलकरी ती ऐकून हसायचे. म्हणायचे, तुमच्या देवीला खोकला झालाय वाटतं. म्हणून ती तडकली तेव्हा आमच्या ढोलकऱ्यांना दुःख कमी आणि हायसंच जास्त वाटलं.

ठमाई ओताऱ्याची लेक. काशाची भांडी ओतायचं काम बापामागे तिनेच चालवलं होतं. तिचा धाकटा भाऊ सुभाना गावचा पहिला ढोलकरी. त्याला भट्टीपेक्षा ढोल आवडायचा. बहीणभावाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं आणि दोघांचं एकाही गोष्टीवर कधी पटायचं नाही.

गावातल्या बायकांनी आपापल्या घरातली फुटकी काशाची वाटी आणून दिली होती, जिने रात्री तळपाय घासतात ती. त्या वाट्या वितळवून ठमाईने झांजेची जोडी ओतली. जाड, काळपट, हातात जड. खालच्या बाजारातून एक व्यापारी दुसरी जोडी घेऊन आला. ती पातळ, पिवळीधमक, तिच्यात तोंड दिसत होतं.

आमच्याकडे झांज पारखायची एक रीत होती. एकाने टोला द्यायचा आणि आवाज विरेपर्यंत दुसऱ्याने श्वास धरायचा. ज्या झांजेने माणूस जास्त गुदमरतो ती चांगली.

व्यापाऱ्याची झांज वाजली आणि लखू ढोलकऱ्याने श्वास धरला. आवाज चढला, पसरला, कड्यावर जाऊन आदळला, परत आला आणि फिरतच राहिला. लखूचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. शेवटी त्याने हात जोडले.

मग ठमाईची. टोला बसला, जोरकस आवाज झाला आणि संपला. लखूने अजून तोंडही मिटलं नव्हतं.

"व्यापाऱ्याची झांज म्हणजे सासू आहे," लखू म्हणाला, "एकदा सुरू झाली की थांबत नाही."

"आणि आमच्या ठमाआक्काची?" कुणीतरी विचारलं.

"ती नवी सून. एक शब्द बोलते आणि आत जाते."

खळं हसलं. म्हातारा गोमा झांजकरी मात्र गंभीर होता. त्याने दोन्ही जोड्या तळहातावर तोलल्या, नखाने कडा वाजवल्या. ठमाईची जोडी त्याने दगडावर आपटली. दगडाचा टवका उडाला, झांजेला ओरखडाही नाही.

"टिकेल ही," तो म्हणाला. "नातवंडं वाजवतील. पण वाजवतील काय?"

"दुसरीपण आपटा ना काका," ठमाई म्हणाली.

"तिला कशी आपटू? नवी कोरी आहे."

"टिकण्याची परीक्षा हिची आणि कौतुक तिचं, होय?"

"आक्का, पुरे झालं," सुभाना म्हणाला. "ही झांज आहे का भाकरीचा तवा? हिच्यासाठी देवीची लाज घालवू?"

व्यापाऱ्याला एक दुभती शेळी दिली आणि पिवळी झांज गावाची झाली. ठमाईने आपली जोडी पदराखाली घेतली. तिला राग आला होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं आणि ते तिला नीट धरता येत नव्हतं. ते कुत्रं कड्याकडे का भुंकलं?

त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. भट्टी पेटवायची आणि विझवायची. जेवायला बसायची आणि उठायची. सुभाना पालखीसोबत निघाला तेव्हा ती दारापर्यंत गेली.

"धुकं आलं तर तिकडेच राहा."

"आणि पालखी कोण आणणार, तू?"

"सुभाना, त्या झांजेचं मला बरं वाटत नाही."

"तुला कशाचं बरं वाटतं, आक्का?" तो हसला, ढोल गळ्यात अडकवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी, परतायच्या वेळेला, भर दुपारी धुकं आलं. असं धुकं पुन्हा कधी आलं नाही असं म्हणतात. चुलीतला धूरही वर जाईना, घरातच फिरत राहिला. गोमा खिंडीत जाऊन उभा राहिला आणि त्याने पिवळी झांज वाजवायला सुरुवात केली. काय आवाज होता तो. गावातली पितळी भांडी फळीवर आपोआप थरथरली असं म्हणतात.

थोड्या वेळाने सड्यावरून ढोल ऐकू आला. आले, आले, असं बायका म्हणाल्या. मग ढोल पुन्हा वाजला आणि ठमाई उभी राहिली. तो ढोल जवळ येत नव्हता, डावीकडे सरकत होता. दरीकडे.

तेव्हा तिला कुत्र्याच्या भुंकण्याचा अर्थ लागला. पिवळी झांज कधी थांबतच नव्हती. खिंडीतला आवाज सुरू असतानाच कड्यावरचा पडसाद त्यात मिसळत होता आणि दोन्ही सारखेच खणखणीत होते. धुक्यातल्या माणसांना दोन खिंडी ऐकू येत होत्या, आणि त्यातली एक दरीच्या पलीकडे होती. जुनी झांज खोकायची, पण खोकून गप्प व्हायची. आधी खिंड, मग कडा, असा फरक तरी कळायचा.

ठमाईने आपली जोडी घेतली आणि धावत सुटली. चढ उभा, दगड ओले. ती पडली, उठली. वाटेतल्या करवंदीच्या जाळीने तिच्यासाठी काटे आत ओढून घेतले असं म्हणतात. मला वाटतं ओढले नसतील आणि तिला कळलंही नसेल.

"काका, थांबा. वाजवू नका."

गोमाचे डोळे मिटलेले होते. "वेडी का तू? माझा हात थांबला तर माणसं मरतील."

"हात थांबला नाही तर मरतील. ती कड्याच्या रोखाने चाललीत."

"चाळीस वर्षं हाक देतोय मी, पोरी. बाजूला हो."

आणि त्याने झांज उचलली. बोलत बसायला वेळ नव्हता. ठमाईने दोन्ही हात त्या झांजांच्या मध्ये घातले. टोला तिच्या बोटांवर बसला. बोटं फुटली, पण झांज मुकी झाली. गोमा तिच्या हातांकडे बघत राहिला आणि मग खाली बसला.

सगळीकडे शांत झालं. ढोलही ऐकू येईना. हाक बंद पडली म्हणून माणसं जागच्या जागी थांबली होती का पडली होती, कुणाला माहीत.

ठमाईने फुटक्या बोटांनी आपली जोडी धरली. एक टोला दिला आणि लगेच झांज पोटाशी दाबली. आवाज तुटला. मागोमाग कड्यावरून बारीक पडसाद आला, लंगडत, उशिरा. ती थांबली. ऐकलं. काही नाही.

पुन्हा टोला, पुन्हा पोटाशी, पुन्हा ऐकणं. काही नाही.

तिच्या प्रत्येक टोल्याने धुक्याला एकेक भोक पडत गेलं असं म्हणतात. कड्यावरच्या गिधाडांनी पंख पसरून पडसाद अडवला असंही म्हणतात. ती किती वेळ वाजवत होती यावर गावात अजून वाद होतात. कुणी म्हणतं दिवस मावळेपर्यंत. कुणी म्हणतं त्या दिवशी देवीने सूर्याला खिंडीवरच धरून ठेवलं होतं. तिच्या पोटावर झांजेचा गोल वण उठला तो मरेपर्यंत गेला नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

आमच्या गावात आता झांजेसाठी कुणी श्वास धरत नाही. नवी जोडी आली की ती खिंडीत नेतात, सड्यावर एकाच्या डोळ्यांना पट्टी बांधतात आणि तो खिंडीकडे चालत आला तरच जोडी गावाची होते. पहिला टोला गावातली बाई देते. आणि धुक्यात घरचं माणूस अडकलं असेल तर आजही बाई दारात येते, काशाची वाटी एकदा वाजवते, पोटाशी दाबते आणि ऐकते. फोन आले तरी हे सुटलं नाही. माझी आई करते. मीही केलंय. वाटी दाबल्यानंतरची ती शांतता फार वाईट असते. आपलंच काळीज ऐकू येतं, आणि तेच उत्तर आहे असं वाटून माणूस फसतं.

ठमाईही तशीच फसली असेल, कितीदा तरी. खिंडीच्या तोंडाशी ती उभी होती, झांज पोटाशी घट्ट, मान पुढे. तिने पुन्हा टोला दिला. झांज दाबली. कड्याचा पडसाद येऊन गेला. तो विरला. आणि सगळं विरून गेल्यावर, समोरून, डावीकडून नाही, अगदी समोरून, ढोलावर एक टिपरी पडली. तिने श्वास घेतला नाही. दुसरी पडली, पहिलीपेक्षा जवळ, आणि धुक्याच्या आतून सुभानाने ओ दिली.