येसूच्या त्रिपुरवाती

खाडीकाठच्या केळथर गावात रघुपुरी महाराज चातुर्मासापुरते म्हणून आले आणि महादेवाच्या देवळातच राहिले. केळथरकरांचं भाग्यच म्हणायचं! त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेची ही गोष्ट.

गावची रीत अशी की, बायकांनी हातांनी वळलेल्या त्रिपुरवाती देवापुढच्या परातीत वाहायच्या आणि संध्याकाळी त्याच वातींनी दीपमाळ उजळायची. रात्री खाडीतल्या होड्यांना खडक चुकवायला त्याच उजेडाचा आधार असे.

खोतांच्या पार्वतीबाईंच्या वाती काय वर्णाव्यात! एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र. आणि तोराही तेवढाच! विधवा येसूचे हात मात्र थरथरत. तिने देवाचं नाव घेत वळलेल्या वाती परातीत ठेवल्या, तशा पार्वतीबाई सगळ्यांसमोर हसल्या.

"अगो येसू, ह्या वाती की उंदराच्या शेपट्या?"

बायका खिदळल्या. येसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने गुपचूप आपल्या वाती उचलून पदरात लपवल्या.

महाराज म्हणाले, "येसू, देवाला दिलेलं परत नेतेस?"

"वाकड्या आहेत, महाराज. देवापुढे ठेवायची लाज वाटते."

"वाहिल्यावर त्या तुझ्या राहिल्या कुठे? वाकड्या की सरळ, ते त्याला बघू दे. ठेव आणि हात काढून घे."

येसूने वाती ठेवल्या. पण महाराजांची पाठ वळताच पार्वतीबाईंनी त्या चिमटीत धरून बाहेर अंगणात भिरकावल्या!

संध्याकाळी दीपमाळ लागली आणि अवकाळी वादळ उठलं. आभाळ काळंकुट्ट झालं, धो धो पाऊस कोसळू लागला, दीपमाळेवरचे सगळे दिवे विझले. आणि पार्वतीबाईंचा एकुलता एक मुलगा श्रीपाद पलीकडच्या तीरावरून होडीत बसला होता! त्या पुन्हा पुन्हा आपल्या वाती पेटवत होत्या. एकही वात धरेना.

"महाराज, माझं पोर पाण्यात आहे हो! काहीतरी करा!"

महाराज शांतपणे म्हणाले, "परातीत आलेल्या सगळ्या वाती लावल्यास का, बाई?"

पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. सगळं गाव ऐकत होतं, येसूही ऐकत होती. "येसूच्या वाती... मी फेकल्या, महाराज," त्या कशाबशा म्हणाल्या. मग भर पावसात गुडघ्यांवर बसून खोतांची बायको चिखल चाचपू लागली.

चिखलाने माखलेल्या वाती महाराजांनी येसूच्या हाती दिल्या. "लाव."

"माझे हात थरथरतात, महाराज. आणि ह्या तर भिजल्यात."

"थरथरू देत. तू हात पुढे कर, बाकीचं तो बघेल."

येसूने डोळे मिटून वात देवापुढच्या समईच्या ज्योतीला लावली. अहो, काय सांगावं! ओल्या कापसाने पेट घेतला. वारा घोंघावत होता, पण ज्योत हलेना. एकेक करत अख्खी दीपमाळ उजळली.

थोड्या वेळाने होडी काठाला लागली. भिजलेला श्रीपाद धावत देवळात आला. "आई!"

पार्वतीबाई जागच्या हलल्या नाहीत. जिची वात चिखलात फेकली, तिच्याच वातीने पोर घरी आणलं. आता कोणत्या तोंडाने त्याला जवळ घ्यायचं? त्या महाराजांच्या पायांवर वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे घेतले. तेव्हा त्या येसूपाशी गेल्या आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागल्या.

येसू संकोचून म्हणाली, "खोतीणबाई, अहो हे काय करता! उठा. पोरगा गारठलाय, त्याला आधी घरी न्या."

पार्वतीबाईंना मात्र मान वर करवेना.